पत्रात नसलेली दोन वाक्यं

तो सिनेमा बाबांनी पाहू नये असं मला वाटत होतं. 'येऊ नका' असं मी त्यांना म्हटलं नाही. फक्त कार्यक्रम आहे हे सांगितलं नाही. पण बाबा रोज सकाळी डिचोलीच्या वाचनालयात मराठी पेपर वाचायला जात, आणि आमचा सिनेमा त्याच वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होणार होता. खाली फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: रविवारी दुपारी चार वाजता, जुना विनोदी युद्धपट, मराठी निवेदनासह. निवेदन करणारीचं नाव माझं.

मी गोव्यात, डिचोलीतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. आम्ही पाच-सहा शिक्षक मिळून महिन्यातून एकदा जगातले जुने सिनेमे दाखवतो. सिनेमा परक्या भाषेतला, खालची अक्षरं इंग्रजी आणि बघणारे बहुतेक निवृत्त झालेले लोक, असं असलं की मी पडद्याच्या बाजूला माईक घेऊन बसते आणि संवाद मराठीत वाचते. आधी घरी दोनदा सिनेमा बघून वहीत सगळं उतरवून काढते.

हा सिनेमा फार हसवणारा होता. कुठल्यातरी काल्पनिक देशाचा युद्धमंत्री रेडिओवर विजय जाहीर करून टाकतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की लढाई झालेलीच नाही. आता विजय तर झाला पाहिजे, म्हणून आचारी, न्हावी आणि कारकून यांची एक तुकडी डोंगरावर पाठवली जाते. त्यातल्या कारकुनाचं काम मेलेल्यांच्या घरी पत्रं लिहिण्याचं. त्याच्याकडे खणांचं एक कपाट असतं, एकेका खणात एकेक तयार वाक्य. मेलेला कुणीही असो, प्रत्येक पत्राच्या शेवटी दोन वाक्यं ठरलेली. एकदा तुकडीचं खेचर दरीत पडून मरतं. कारकून त्याच्या मालकालाही तेच पत्र पाठवतो. मालक निरक्षर शेतकरी. गावचा मास्तर त्याला पत्र वाचून दाखवतो: 'त्याला काही त्रास झाला नाही. शेवटच्या क्षणी त्याने आईची आठवण काढली.'

वहीत ही दोन वाक्यं लिहिताना माझा हात थांबला होता. माझ्या तोंडून जवळजवळ हीच वाक्यं पूर्वीही गेली होती.

माझा दादा सैन्यात होता. आम्ही तेव्हा सुर्ल्याला राहत होतो. बाबा मूळचे दोडामार्गाकडचे, खाणीवर वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून आले आणि सुर्ल्याचेच झाले. आई पेडण्याची. दादाने खाणीचा ट्रक चालवावा असं बाबांना वाटे, दादाला त्या लाल धुळीचा कंटाळा होता. एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला आणि बाविसाव्या वर्षी सरहद्दीवरच्या एका बर्फाळ चौकीवर तोफगोळ्याने गेला. मी अकरावीत होते. पेटी आली तेव्हा बरोबर त्याच्याच तुकडीतला एक जवान आला होता, पेडण्याच्या केरीचा. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, पेटी उघडू नका." नंतर तो एका बाजूला उभा राहिला. कुणाशी फारसं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी निघून गेला.

महिन्याभराने पत्र आलं. इंग्रजीत. बाबांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजी नाही. आईला दोन्ही नाही. मी मराठी शाळेतून पुढे इंग्रजी हायस्कुलात गेलेली, घरातली एकटीच इंग्रजी जाणणारी. बाबांनी पाकीट माझ्या हातात दिलं. आई चुलीपुढून उठून आली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

पत्रात चार वाक्यं होती. तो प्रामाणिक सैनिक होता. तुकडीला त्याचा अभिमान आहे. त्याचं सामान वेगळं पाठवलं जाईल. पेन्शनच्या कागदांसाठी अमुक कार्यालयाशी संपर्क साधावा.

मी चारही वाक्यं मराठीत सांगितली. सांगून झाली तरी आई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. तिला वाटलं पान उलटायचं राहिलंय. म्हणाली, "आणि?"

मी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूकडे बघत मी वाचलं, "त्याला काही त्रास झाला नाही. शेवटी त्याने 'आये' म्हणून हाक मारली."

आईने डोळे मिटले. बाबा दाराला टेकून उभे होते, ते तसेच खाली बसले. पेटी आल्यापासून आई रडली नव्हती. त्या दिवशी ती मोठ्याने, मोकळी होऊन रडली आणि नंतर तिने महिन्यात पहिल्यांदा पोटभर पेज घेतली. मी ते बघितलं आणि मला वाटलं, मी काहीतरी चांगलं केलंय.

त्या वाक्यांवर आई सहा वर्षं जगली. येईल त्याला सांगायची, "माझा नाव घेतल्यान हो शेवटाक." दादा गेला त्या तारखेला दरवर्षी ती मला पत्र वाचायला लावायची. मी ट्रंकेतून पत्र काढायचे, चार वाक्यं वाचायचे, पान उलटायचे आणि कोऱ्या कागदावरून उरलेली दोन. एका वर्षी माझी कॉलेजची परीक्षा तोंडावर होती, लक्ष नव्हतं. मी वाचलं, "शेवटी त्याने आईला हाक मारली." आईने लगेच अडवलं. "'आये' म्हणान लिहिलाहा ना गो? नीट वाच." मी नीट वाचलं.

आई गेली. माझं लग्न झालं, मी डिचोलीत आले, बाबाही आमच्याकडे आले. पत्र त्यांच्या ट्रंकेत होतं. त्यानंतर मला कुणी ते वाचायला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी ते विसरत चालले होते.

त्या रविवारी हॉल भरला होता. अंधार झाला, सिनेमा सुरू झाला, मी वाचू लागले. मंत्र्याचं रेडिओवरचं भाषण आलं तेव्हाच लोक हसू लागले. गेल्या निवडणुकीतल्या कुणाकुणाची नावं मागून ऐकू आली. मलाही मजा वाटू लागली, मी आवाज बदलून वाचायला लागले. पडद्यावर बर्फ आला, सगळं पांढरं झालं, हॉलमध्ये उजेड पसरला आणि तिसऱ्या रांगेत बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसलेले. हसत होते. आपल्या मुलीकडे बघत होते.

खेचराचं पत्र यायला अजून वीसेक मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत मला काय काय सुचलं. वाक्यं बदलावीत. गाळावीत. माईक बिघडला म्हणावं. पण मालकाचा तो चेहरा पडद्यावर आला, मास्तराने चष्मा लावला आणि मी वहीत होतं तेच वाचलं. त्याच आवाजात. कदाचित त्याच लयीतही.

"त्याला काही त्रास झाला नाही. शेवटच्या क्षणी त्याने आईची आठवण काढली."

अख्खा हॉल फुटला. इतका हशा त्या हॉलने त्याआधी ऐकला नसेल. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढची चार-पाच वाक्यं त्या आवाजात बुडाली, मी वाचलीच नाहीत. बाबा हसत नव्हते. ते माझ्याकडेही बघत नव्हते. ते पडद्यावरच्या त्या शेतकऱ्याकडे बघत होते, तो टोपी काढून छातीशी धरून रडत होता.

सिनेमा संपल्यावर ते जिन्याखाली थांबले होते. लोक त्यांना म्हणत होते, "काय वाचते हो तुमची मुलगी!" ते मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ते बाहेरच्या सोप्यावर बसले होते. मांडीवर पत्र. प्लास्टिकच्या पिशवीत होतं तरी घडीच्या रेघेत सुर्ल्याची लाल धूळ बसलेली.

"वाच," म्हणाले.

मी चप्पल काढली नव्हती. तशीच उभी राहून वाचलं. चार वाक्यं.

"आणि?"

"एवढंच आहे, बाबा."

त्यांनी पत्र परत घेतलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. "ता तू घातलंस?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पत्राची घडी केली आणि आत गेले. पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, वाढलेलं खायचे, उठायचे. पेपर वाचायला गेले नाहीत. मला मात्र त्या कारकुनाचा राग येत होता. ती वाक्यं त्याला कुठून सुचली? मग विचार केला तेव्हा कळलं, मला जिथून सुचली तिथूनच. धड्यातून, नाटकातून, मालिकांतून, भाषणांतून. ती दोन वाक्यं जगभर तयारच असतात.

सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "तुझी आये समाधानान गेली. ता ठीक. पण मी अजून असंय मा? माका काय झाला ता कळाक होया." मग म्हणाले, "केरीचो तो झील आठवता तुका? पेटीबरोबर इल्लो तो?"

त्याचा पत्ता आमच्याकडे नव्हता, नाव होतं. आईच्या माहेरी फोन केला, पेडण्यात विचारणा झाली आणि दोन दिवसांत कळलं की तो निवृत्त होऊन केरीतच असतो, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली शहाळी आणि थंड पेयांचं दुकान चालवतो. पुढच्या रविवारी मी गाडी काढली. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, पेडणे. बाबा खिडकीबाहेर बघत होते. पेडण्यात सासुरवाडीचा फाटा आला तेव्हा फक्त म्हणाले, "सरळ जा."

तो शहाळं तासत होता. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले. आधी त्याने आम्हाला गिऱ्हाईक समजून खुर्च्या पुढे केल्या. मग बाबांकडे बघितलं आणि कोयता खाली ठेवला.

"काका," तो म्हणाला.

त्याने दुकानाचं फळकूट ओढून घेतलं आणि आम्हाला मागच्या बाजूला घरात नेलं. बायकोने पाणी आणलं. बाबांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. "तू थंय होतंस?"

"होतंय."

"तर माका सगळा सांग. लपवू नको. माझी बायल गेली, आता लपवूक कोण नाय."

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. मग त्याने सांगितलं. सकाळची वेळ होती. पाण्यासाठी बर्फ वितळवायला दादा बाहेर गेला होता, पाळी त्याचीच होती. गोळा पडला. पोटाला आणि मांडीला लागलं. हवा खराब होती, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. दुपारपर्यंत तो होता. चार तास.

"चार?" बाबा म्हणाले.

"चार. आधी आरडलो. मगे थंड झालो."

"आयेचा नाव घेतल्यान?"

"नाय, काका. परत परत 'किती वाजले' म्हणान विचारी. भियालेलो. माका म्हणी, सोडू नको."

"आणि तू?"

"नाय सोडूक. हात धरून होतंय. शेवटपर्यंत."

बाबांनी आपला हात पुढे केला. त्या माणसाला आधी कळलं नाही. मग त्याने आपला उजवा हात बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळवा बघितला. शहाळ्यांचं काम करून घट्टे पडलेला हात. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. मी दाराबाहेर येऊन उभी राहिले, कारण मला आत उभं राहवेना.

नंतर बाबांनी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत कधी आला का नाहीस.

"इल्लंय," तो म्हणाला. "सुट्टीर असताना चार वेळा इल्लंय. बसनं डिचोलीत उतारलंय, सुर्ल्याच्या गाडीची वाट बघत उभो रवलंय आणि परत गेलंय. काकीन विचारल्यान तर काय सांगू?"

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाबा सावकाश जेवले. दोनदा माशांचं हुमण मागून घेतलं. निघताना ते म्हणाले, थोडं पाण्याकडे जाऊया. फेरीच्या धक्क्यावर आम्ही उभे राहिलो. पलीकडे तेरेखोल. फेरी माणसं आणि दुचाक्या घेऊन निघाली होती.

मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"आयेक सांगितलंस ता बरां केलंस," ते म्हणाले. "पण माका सांगूक होया होता. दुसऱ्या दिवशी. नाय तर धा वर्षांनी."

"मला भीती वाटली. मी सोळा वर्षांची होते."

"ता खरां. सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात ता पत्र मीच दिलंय. तेवाच गावातल्या मास्तराकडे न्हेऊक होया होता माका. मी घाबरलंय. म्हटलंय घरातल्या घरात वाचूया."

त्यानंतर आम्ही रडलो. धक्क्यावरचे लोक बघत होते. बाबांना मी तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. त्यांना बरं वाटलं असेल असं मला म्हणवत नाही. परतताना ते गाडीत दमून झोपले आणि मधेच दचकून उठले. त्यानंतर कित्येक आठवडे दुपारी ते सोप्यावर बसत आणि मला दिसे, ते चार तास मोजतायत. आधी त्यांच्याकडे एक क्षण होता, शांत, हाक मारून संपलेला. तो मी दिला होता आणि मीच काढून घेतला होता. त्याच्या जागी त्यांना चार तास मिळाले होते.

सुर्ल्यात बसथांब्याच्या बाजूला दादाच्या नावाचा एक चौथरा आहे. दरवर्षी त्याच्या दिवशी तिथे छोटा कार्यक्रम होतो. बाबांना खुर्चीवर बसवतात, शाल-नारळ देतात, कुणीतरी पुढारी भाषण करतो. बाबा कधी बोलत नसत. त्या वर्षी आलेल्या पुढाऱ्याने, आधीच्या सगळ्यांनी म्हटलं होतं तेच म्हटलं: या भूमीच्या सुपुत्राने हसत हसत प्राण दिला. बाबा खुर्चीवरून उठले. लोकांना वाटलं आभार मानायला उठले. कुणीतरी माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"हसत नाय," बाबा म्हणाले. "चार तास लागले तेका. भियालो होतो. बावीस वर्षांचो होतो." आणि खाली बसले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुढाऱ्याने टाळ्या वाजवल्या. तो बहुधा ऐकतच नव्हता. तो वाजवतोय म्हणून मंचावरच्यांनी वाजवल्या, मंचावरचे वाजवतायत म्हणून समोरच्यांनी. पोलिसांनी, शाळेतल्या मुलांनी, सगळ्यांनी. बाबा मांडीवरच्या नारळाकडे बघत बसले होते. नातेवाइकांना ते आवडलं नाही. एका चुलत काकांनी फोन करून मला विचारलं, म्हाताऱ्याला काही होतंय का, डॉक्टरला दाखव. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं, पण बाबा गेले नाहीत. सकाळी आम्ही दोघंच जाऊन चौथऱ्यावर फुलं ठेवून आलो.

केरीचा तो मात्र आता येतो. पहिल्यांदा गणेश चवथीला आला, बायकोला घेऊन. डिचोलीच्या स्टँडवर उतरून त्याने मला फोन केला, "ताई, इल्लंय," आणि मी त्याला आणायला गेले तेव्हा तो सामान हातात धरून, आपणच पुन्हा पळून जाऊ नये म्हणून की काय, खांबाला चिकटून उभा होता. बाबा आता ऐंशीच्या जवळ आले आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. तो त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतो आणि कानाशी मोठ्याने बोलतो. त्या चार तासांबद्दल नाही. त्याआधीच्या अडीच वर्षांबद्दल.

त्याने सांगितलं की दादा चौकीवर दशावतारातली सोंगं करायचा. पेडण्याला आजोळी गेल्यावर आई त्याला जत्रेतला दशावतार बघायला न्यायची, तेव्हाचं सगळं त्याला पाठ होतं. स्टोव्हच्या उजेडात कांबळं गुंडाळून तो राणी व्हायचा, बारीक आवाजात राजाशी भांडायचा आणि मग कांबळं फेकून स्वतःच राजा व्हायचा. बिहारचे, पंजाबचे जवान, एकालाही भाषा कळत नसे, पण सगळे त्याला आग्रह करून राणी करायला लावत. एकदा म्हणे साहेब तपासणीला आले आणि दादा राणी असतानाच आत शिरले. दादाने तशाच बारीक आवाजात सलाम ठोकला.

बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

दादा घरी कधी गाणंसुद्धा म्हणत नसे. असा तो होता हे बाबांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आईला कदाचित माहीत असेल, कदाचित नसेल. ती असती तर तिने ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली असती आणि एक शब्द चुकला तरी अडवलं असतं.